चाफा कोणता? फूल नसतानाही झाड ओळखायची रीत

रोपवाटिकेत जाऊन नुसतं 'चाफ्याचं रोप द्या' म्हटलं, तर हातात काय पडेल याचा नेम नाही. सोनचाफा, खुरचाफा, हिरवा चाफा, कवठी चाफा, नागचाफा, सुलतानचाफा, भुईचाफा हे सगळे मराठीत चाफेच, पण त्यांतले बहुतेक एकमेकांच्या नात्यातले नाहीत. सोनचाफा आणि कवठी चाफा मॅग्नोलियाच्या कुळातले. हिरवा चाफा सीताफळाच्या कुळातला. खुरचाफा, म्हणजेच देवचाफा, कण्हेरी-तगरीच्या कुळातला. नागचाफा आणि सुलतानचाफा एकाच कुळातले भाऊबंद. भुईचाफा तर आल्या-हळदीच्या घरातला.

कुळं वेगळी म्हणून पाण्याची गरज वेगळी, लावायची रीत वेगळी आणि फुलायचा काळही वेगळा. एकाला मानवणारं पाणी दुसऱ्याचं मूळ कुजवतं. शिवाय रोप विकत घेताना त्यावर फूल क्वचितच असतं, आणि बियांपासून वाढवलेल्या सोनचाफ्याला पहिलं फूल यायला सात ते दहा वर्षं लागू शकतात. चूक तेव्हा उमगली तर फार उशीर झालेला असतो. म्हणून ओळख फुलावरून नव्हे, पानावरून आणि फांदीवरून करायला शिकावं. त्यासाठी खालच्या पायऱ्या याच क्रमाने घ्या.

पायरी १: पानं फांदीवर कशी बसली आहेत ते बघा

पानं समोरासमोर जोडीने आली असतील, तर ते झाड नागचाफा किंवा सुलतानचाफा आहे. बाकी चाफ्यांची पानं एकाआड एक येतात. पानं फांदीच्या टोकाशीच दाटीने गोळा झालेली आणि खालची फांदी जाड, मांसल, उघडी असेल, तर तो खुरचाफा. मातीतून थेट पानंच वर आली असतील आणि खोड नसेलच, तर भुईचाफा.

पायरी २: पानाचा देठ तोडा

तुटल्या जागी लगेच दुधासारखा पांढरा चीक आला आणि पानं टोकाशी गोळा झालेली असतील, तर खुरचाफा नक्की. सोनचाफा, कवठी आणि हिरव्या चाफ्याला असा दुधाळ चीक नसतो. इथे एक फसगत होते: सुलतानचाफ्यालाही चिकट चीक असतो. पण त्याची पानं समोरासमोर असल्यामुळे पहिल्याच पायरीवर तो वेगळा पडलेला असतो. म्हणूनच क्रम मोडू नका. खुरचाफ्याचा चीक कातडीला खाजवतो आणि डोळ्यात गेला तर त्रास देतो, तेव्हा तपासून झाल्यावर हात धुवा. हे काम लहान मुलांना सांगू नका.

पायरी ३: फांदीवर कडं आहे का ते शोधा

मॅग्नोलिया कुळाची ही सगळ्यात पक्की खूण. या झाडांची कोवळी पालवी एका टोपणात गुंडाळलेली असते. पान उलगडलं की टोपण गळून पडतं आणि जिथे ते चिकटलेलं होतं तिथे फांदीभोवती पूर्ण गोल बारीक रेघ उमटते. सोनचाफ्याच्या करंगळीएवढ्या फांदीवरही दर पानापाशी असं एकेक कडं दिसतं. नजरेला दिसलं नाही तर नखाने चाचपा, खाच जाणवते. कडं असेल तर सोनचाफा किंवा कवठी. कडं नाही, चीक नाही, पानं एकाआड एक आणि तुकतुकीत असतील, तर हिरव्या चाफ्याचा विचार करा.

पायरी ४: पान उलटं करा

नागचाफ्याच्या अरुंद पानाची मागची बाजू पांढुरकी असते, जणू वर मेणाचा थर चढलाय. सुलतानचाफ्याचं पान रुंद, चकचकीत, टोकाला गोलसर असतं आणि मधल्या शिरेपासून कडेपर्यंत अगदी बारीक, समांतर रेघा एकमेकींना खेटून गेलेल्या असतात. एकदा हे पान उन्हात धरून बघितलं की ते झाड पुन्हा कधी चुकत नाही. खुरचाफ्याच्या पानात आडव्या शिरा कडेशी पोचायच्या थोड्या आधी एका उभ्या शिरेला जोडलेल्या असतात, त्यामुळे पानाला आतून किनार शिवल्यासारखी दिसते. भुईचाफ्याच्या बऱ्याच झाडांत पान वरून हिरव्या-रुपेरी नक्षीचं आणि खालून जांभळट असतं.

एवढ्या चार पायऱ्यांत फुलाशिवायही बहुतेक चाफे वेगळे होतात; सोनचाफा आणि कवठी ही कडं असलेली जोडी कशी वेगळी करायची ते पुढे कवठी चाफ्याच्या भागात आहे. आता ज्या जोड्यांत सगळ्यात जास्त गोंधळ होतो त्यांच्याकडे वळू.

सोनचाफा की खुरचाफा?

फूल समोर असेल तर प्रश्नच येत नाही. सोनचाफ्याला बारा-पंधरा किंवा जास्तही अरुंद, लांबट पाकळ्या असतात आणि मधोमध एक छोटा हिरवट कणीससदृश उंचवटा दिसतो, त्याच्याभोवती पुंकेसर. फूल पानाच्या बेचक्यात एकेकटं येतं. खुरचाफ्याला पाचच पाकळ्या, त्याही एकीवर एक अशा भिंगरीसारख्या वळलेल्या. मध्ये पुंकेसर दिसतच नाहीत, कारण ते खालच्या बारीक नळीत दडलेले असतात. सोनचाफ्याच्या पाकळ्या सुट्या सुट्या गळतात, खुरचाफ्याचं फूल अखंड खाली पडतं. झाडाखालचा सडा बघूनही सांगता येतं.

गोंधळ होतो तो बोलताना आणि विकत घेताना. 'पिवळा चाफा' म्हणजे कुणासाठी सोनचाफा, तर कुणासाठी पिवळ्या फुलांचा खुरचाफा. 'पांढरा चाफा' म्हटलं की बहुतेकांना खुरचाफा आठवतो, पण पांढऱ्या पाकळ्यांचा, सोनचाफ्यासारखाच दिसणारा मॅग्नोलिया आल्बाही बागांतून असतो. तो क्वचितच बी धरतो, म्हणून त्याचं रोप कलमाचंच मिळतं. ऑनलाइन दुकानांत हिंदीतलं 'चंपा' वाचून मागवलं तर बहुधा खुरचाफाच घरी येतो. तिथे नाव न बघता वनस्पतिशास्त्रीय नाव बघा. सोनचाफा हवा असेल तर मॅग्नोलिया चंपाका, किंवा जुन्या पाट्यांवर असतं तसं मायकेलिया चंपाका. खुरचाफा हवा असेल तर प्लुमेरिया.

जुन्या पोथ्यांतला, काव्यांतला 'चंपक' सोनचाफाच आहे, कारण प्लुमेरिया हे मूळचं अमेरिका खंडातलं झाड. मेक्सिको, मध्य अमेरिका आणि कॅरिबियन बेटांतून ते युरोपीय लोकांमार्फत इकडे आलं. फ्रेंच वनस्पतिशास्त्रज्ञ शार्ल प्लुमिए (१६४६ ते १७०४) यांच्यावरून त्याचं नाव पडलं. तुटकी फांदीही मूळ धरते, दुर्लक्ष सोसते, म्हणून देवळांच्या आवारात ते इतकं रुळलं की आज ते तिथलंच वाटतं. पूजेसाठी दोन्ही फुलं चालत आली आहेत. पण खुरचाफ्याचा कुठलाही भाग घरगुती औषध म्हणून पोटात घेऊ नका. चंपकाचे गुण वाचून प्लुमेरियाचा काढा करणं ही नावाच्या सारखेपणातून होणारी सगळ्यात धोक्याची चूक आहे.

खुरचाफ्यातही आतले भेद आहेत आणि ते पानाच्या टोकावरून कळतात. टोक निमुळतं, अणकुचीदार असेल तर प्लुमेरिया रुब्रा. याची पानं हिवाळ्यात पूर्ण गळतात आणि उन्हाळा लागता लागता उघड्या फांद्यांवर फुलं येतात. लाल, गुलाबी, पिवळा, पांढरा असे सगळे रंग यातच सापडतात. टोक गोल, बोथट आणि पान गडद चकचकीत असेल तर प्लुमेरिया ऑब्ट्यूसा. त्याची पानं आपल्याकडे हिवाळ्यातही बरीचशी टिकतात, फूल पांढरं आणि मध्यभागी छोटासा पिवळा ठिपका. आणि पान चमच्यासारखं, टोकाला रुंद असेल तर प्लुमेरिया पुडिका. ते फुलतं भरभरून, पण त्याला वास जवळजवळ नसतोच. सुगंधासाठी चाफा घेणाऱ्याने ते घेऊ नये. कुंपणाला झाडोरा हवा असेल तर मात्र त्यासारखं दुसरं नाही.

हिवाळ्यात रुब्राची उघडी झाडं बघून ती मेली असं समजून पाणी वाढवणं ही नेहमीची चूक. झाड तेव्हा झोपलेलं असतं, ओल्या मातीत त्याची मुळं आणि मांसल खोड कुजतं. फांदी नखाने थोडी खरवडा. आत हिरवं असेल तर झाड जिवंत आहे, मार्चपर्यंत थांबा.

नागचाफ्याच्या नावाखाली तीन झाडं

खरा नागचाफा म्हणजे मेसुआ फेरिया, नागकेशर. चार पांढऱ्या पाकळ्या, मध्ये पिवळ्या पुंकेसरांचा दाट गुच्छ. कोवळी पालवी लालसर-गुलाबी आणि खाली लोंबणारी, तीच याची दुरून दिसणारी खूण. लाकूड इतकं कठीण आणि जड की इंग्रज त्याला लोखंडाचं लाकूड म्हणत. श्रीलंकेने १९८६ साली याला राष्ट्रीय वृक्ष ठरवलं.

पण 'नागचाफा' म्हणून रोपवाटिकांत हल्ली सर्रास प्लुमेरिया पुडिका विकतात, कारण त्याचं पान नागाच्या फण्यासारखं दिसतं. देठ तोडून बघा, चीक आला की ते नागकेशर नव्हे. तिसरं झाड कैलासपतीचं. त्याच्या फुलात पुंकेसरांचा फणा असतो, म्हणून त्यालाही काही जण नागचाफा म्हणतात. त्याला सहा मांसल पाकळ्या असतात, फुलं थेट खोडावर लोंबणाऱ्या घोसांत येतात आणि पुढे तोफेच्या गोळ्याएवढी जड फळं धरतात. ते झाड घराजवळ, रस्त्यावर, पार्किंगपाशी लावू नका. फळ वरून पडलं तर डोकंही फुटेल.

मसाल्याच्या दुकानातही हीच तऱ्हा. तिथे मिळणारं तांबडं नागकेशर बहुधा सुरंगीच्या सुकवलेल्या कळ्या असतात, म्हणजे मॅमिया सुरिगा. मसाल्याला तेच चालतं. पण कुणी वैद्याने नागकेशर सांगितलं असेल तर मेसुआचे पुंकेसर हवेत की दुसरं काही, हे त्यांनाच विचारून घ्या.

सुलतानचाफा म्हणजे आपली कोकण किनाऱ्यावरची उंडी. फुलं पांढरी आणि पुंकेसर पिवळे म्हणून नागचाफा वाटतो, पण फूल लहान, घोसात येणारं आणि फळ गोल गोटीसारखं. नागचाफ्याचं फूल मोठं असतं, फळ टोकदार. उंडी खारा वारा सोसते, समुद्राजवळच्या रेताड जागेला हेच झाड लावावं. नागचाफा ओलाव्याचा भुकेला आणि अत्यंत सावकाश वाढणारा आहे, मराठवाड्याच्या कोरड्या उन्हात त्याचं कोवळं रोप सावलीशिवाय टिकवणं कठीण.

कनकचंपा नावाने मिळणारं मोठ्या पानाचं झाड यातलं कुठलंच नाही, ते मुचकुंद. पानाची मागची बाजू राखी-पांढरी, लवदार आणि कळी बोटाएवढी लांब, तपकिरी. एवढं लक्षात ठेवलं की पुरे.

हिरवा चाफा

हा झाड नव्हे, वेलासारखा चढणारा झुडूप. फुलाचा देठ वाकून टणक आकडा होतो आणि त्या आकड्याने तो आधाराला धरतो. मोठ्या फांदीवर असे आकडे दिसले की ओळख पक्की. लहान रोपावर ते नसतात, तिथे पायरी ३ ची 'कडं नाही, चीक नाही' ही कसोटी वापरा. फुलाला सहा जाड पाकळ्या, तीन बाहेर आणि तीन आत. आधी फूल पानाच्याच रंगाचं असतं आणि वासही जवळपास नसतो. काही दिवसांनी पिवळं पडू लागलं की पिकल्या फळासारखा वास घरभर भरतो. ज्यांना 'झाड वर्षभर फुलत नाही' असं वाटतं, त्यांच्या झाडावर पुष्कळदा हिरवी फुलं लपलेली असतात. पानं बाजूला सारून शोधा.

इलंग-इलंग, म्हणजे कनांगा, याच कुळातलं झाड. त्याचंही फूल हिरवट-पिवळं आणि सहा पाकळ्यांचं असल्याने हिरवा चाफा म्हणून ते गळ्यात पडू शकतं. कनांगाच्या पाकळ्या पातळ, लांब, पिळलेल्या आणि खाली लोंबणाऱ्या असतात, देठाला आकडा कधीच नसतो. वाईट झाड नाही, पण कमानीवर चढवायला घेतलं तर निराशा होईल.

हिरव्या चाफ्याला पक्का आधार द्या, बांबूची हलकी जाळी दोन-तीन वर्षांत खाली बसते. जागा नसेल तर छाटून झुडूप ठेवता येतं. दाट सावलीत पानं भरपूर आणि फुलं नगण्य येतात.

कवठी चाफा

फांदीवर कडं आहे पण सोनचाफा वाटत नाही, तर हा. मॅग्नोलिया कोको हे माणसाच्या उंचीचं किंवा थोडं उंच झुडूप. पान जाड, शिरांचं जाळं ठसठशीत. फूल फांदीच्या टोकाला, खाली मान घातलेलं, अंड्यासारखं गोल, बाहेरच्या तीन पाकळ्या फिकट हिरव्या आणि आतल्या जाड पांढऱ्या. ते रात्री उमलतं, सुगंध तेव्हाच असतो आणि दुसऱ्या दिवशी पाकळ्या गळू लागतात. सकाळी वास नाही म्हणून झाड चुकीचं ठरवू नका.

याच नावाने मोठा मॅग्नोलियाही विकतात, मॅग्नोलिया ग्रँडिफ्लोरा, अमेरिकेच्या आग्नेय भागातला. त्याच्या पानाच्या मागे गंजाच्या रंगाची लव असते आणि फूल वीतभर रुंद. छोट्या अंगणासाठी कोको घ्या. ग्रँडिफ्लोराला मोठी मोकळी जागा लागते आणि आपल्या उष्ण भागांत तो फुलायला फार कुरकुरतो.

भुईचाफा

काएम्फेरिया रोटुंडा. उन्हाळ्याच्या शेवटी, पानांच्या आधी, जमिनीतून थेट पांढरी-जांभळी सुगंधी फुलं वर येतात. एक फूल जेमतेम दिवसभर टिकतं, पण नवी येत राहतात. पावसात पानं वाढतात आणि थंडी लागली की सुकून जातात. रोपवाटिकेत हिवाळ्यात रिकामी दिसणारी कुंडी दाखवून 'यात भुईचाफा आहे' म्हटलं, तर ते खरं असू शकतं. माती हलकेच बाजूला करून कंद बघा. पानं जमिनीवर सपाट पसरलेली आणि फुलं पानांसोबतच येत असतील, तर ती त्याचीच बहीण, काएम्फेरिया गलांगा.

ओळख पटल्यावर लावताना

सोनचाफा घ्यायचा तर कलमच घ्या. मातीच्या वर वीतभर अंतरात खोडावर जोड दिसायला हवा, पट्टीचा वळ किंवा सालीच्या रंगातला फरक. जोड नसेल तर ते बियांचं रोप आहे, फुलांची वाट बरीच वर्षं बघावी लागेल आणि रंग फिका येईल की गडद हेही आधी सांगता येत नाही. 'वेलणकर' या नावाने मिळणारी कलमं कोकणात आणि वसई पट्ट्यात लोकप्रिय आहेत. अशी कलमं एक-दोन वर्षांत फुलू लागतात. खड्डा २ फूट लांब, २ फूट रुंद, २ फूट खोल, त्यात मातीसोबत १० ते १५ किलो कुजलेलं शेणखत. दोन झाडांत १० फूट अंतर. जोड मातीत गाडू नका, आणि जोडाखालून फुटणारे धुमारे दिसताक्षणी काढा, नाहीतर खुंटच वाढतो आणि वरचं कलम मरतं. शेंडे खुडून झाड हाताला येईल एवढंच ठेवा. फळांचे घोस धरू लागले तर काढून टाका.

काळ्या, चुनखडीच्या जमिनीत सोनचाफ्याची नवी पानं पिवळी आणि शिरा तेवढ्या हिरव्या राहतात. हे पाणी कमी पडल्याचं लक्षण नसून लोह मुळांना मिळत नसल्याचं आहे. १ लिटर पाण्यात ५ ग्रॅम फेरस सल्फेट विरघळवून संध्याकाळी पानांवर फवारा, पंधरा दिवसांनी पुन्हा. पाणी साचतं अशा जागी मात्र कुठलीही फवारणी उपयोगी नाही, निचरा आधी करा.

खुरचाफ्याचं सगळं उलटं. फेब्रुवारी ते मे या काळात ३० ते ४५ सेंटीमीटर लांबीची, पिकलेल्या राखी सालीची फांदी कापा, पानं काढा आणि सावलीत आठ ते पंधरा दिवस तशीच ठेवा. कापाची जागा सुकून कडक झाली की निम्मी वाळू असलेल्या मातीत ८ ते १० सेंटीमीटर खोल रोवा. एकदा पाणी द्या, मग पानं फुटेपर्यंत माती कोरडी पडल्याशिवाय देऊ नका. ताजी कापलेली फांदी लगेच लावली की कापातून कुज शिरते, खोड दाबून बघितलं तर मऊ लागतं. ती फांदी वाचत नाही, पण वरचा टणक भाग पुन्हा कापून सुकवून लावता येतो. पावसाळ्यात पानाच्या मागे नारिंगी भुकटी दिसली तर तो तांबेरा. अशी पानं गोळा करून जाळा, कंपोस्टात टाकू नका.

भुईचाफ्याचे कंद एप्रिलच्या आत, ३ ते ५ सेंटीमीटर खोल, हलक्या मातीत लावा. पानं सुकल्यावर पाणी बंद करा आणि कुंडीवर पाटी लावून ठेवा: नाव, लावल्याची तारीख आणि 'पाणी नको'. नाहीतर रिकामी समजून तिच्यात कुणीतरी दुसरं रोप लावतं.